बाईला विचारलं होतं का?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या सोसायटीत कसलंसं सर्वेक्षण झालं. दुपारी तीनची वेळ. दारात एक तरुण मुलगा, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब. ‘‘काकू, काका आहेत का घरात? थोडी माहिती हवी होती.’’ काका ऑफिसात होते. म्हटलं, ‘‘मलाच विचार की!’’ तो जरा घुटमळला. ‘‘नाही, म्हणजे... कुटुंबप्रमुखांना विचारायचं असतं.’’ मी त्याला आत बोलावलं, पाणी दिलं आणि प्रश्न वाचायला सांगितले. गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरतो? पिण्याचं पाणी उकळता की गाळता? गेल्या सहा महिन्यांत घरात कोण कोण आजारी पडलं? औषधपाण्यावर किती खर्च झाला? मुलं रोज किती वेळ अभ्यास करतात? महिन्याकाठी शिल्लक किती आणि ती कुठे ठेवता? या सगळ्या यादीत आमच्या काकांना खात्रीने सांगता आला असता असा एकच तपशील होता, तो म्हणजे गाडी कोणत्या साली घेतली! पोराचा काही दोष नव्हता. त्याला फॉर्मच तसा दिलेला होता. पण तो गेल्यावर मला राहून राहून वाटत राहिलं, की अशा किती फॉर्मांतून आपल्या घरांची, आपल्या पोटापाण्याची, आपल्या दुखण्याखुपण्याची माहिती गोळा होत असेल, आणि त्यातली किती ‘काकां’कडून आलेली असेल?

संशोधन म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे पांढरा कोट, काचेच्या नळ्या आणि न कळणारी इंग्रजी येते. पण संशोधनाचा एक प्रकार असा आहे, जो थेट आपल्या स्वयंपाकघरापर्यंत येतो. त्याला उपयोजित संशोधन म्हणतात. म्हणजे लोकांच्या रोजच्या जगण्यातली एखादी अडचण घ्यायची, तिच्यावर उपाय शोधायचा, तो प्रत्यक्ष करून बघायचा आणि खरोखर उपयोग झाला की नाही हे मोजायचं. दवाखान्यातलं औषध, घरातली चूल, शाळेतला वाचनाचा तास आणि बँकेतलं खातं या सगळ्यांमागे असं काही ना काही संशोधन असतं, किंवा असायला हवं. आता गंमत बघा. लहानग्यांना दवाखान्यात नेते कोण? चुलीपुढे बसते कोण? मुलांचा अभ्यास घेते कोण? बचत गटाचा हप्ता भरायला धावते कोण? चारही ठिकाणी उत्तर एकच. म्हणून माझं सरळ साधं म्हणणं असं आहे, की या संशोधनाचा पहिला प्रश्न बाईला विचारला गेला पाहिजे आणि शेवटचं उत्तरही तिच्यापर्यंत पोचलं पाहिजे. हे मी केवळ स्त्रियांच्या मानापानासाठी म्हणत नाही. ती नसली, की उत्तरच चुकतं, म्हणून म्हणते.

उदाहरण आपल्या गडचिरोलीचंच घेऊ. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग हे जोडपं अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन परतलं आणि १९८६ मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. त्या काळात खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे दोनच गोष्टी समजल्या जात : तिचं बाळंतपण आणि तिची नसबंदी. त्यापलीकडे तिला काही दुखतं-खुपतं का, हे कुणी मोजलेलंच नव्हतं. बंग दांपत्याने दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यात गरोदर नसलेल्या, लग्न न झालेल्या, म्हाताऱ्या अशा सगळ्या होत्या. निष्कर्ष १९८९ साली ‘लॅन्सेट’ या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किमान एक तरी त्रास होता. आणि त्याआधी कधी डॉक्टरकडून तशी तपासणी झालेल्या स्त्रिया किती? फक्त ८ टक्के!

हा आकडा वाचून जगभरचे तज्ज्ञ चकित झाले. मला विचाराल, तर कुठल्याही गावातल्या सुईणीला त्यात चकित होण्यासारखं काही वाटलं नसतं. अंगावरून जाणं, ओटीपोटात दुखणं, पाळीचा त्रास या गोष्टी बायका पाणवठ्यावर, शेतात, एकमेकींच्या कानात बोलतच होत्या. फक्त कागदावर त्या नव्हत्या. आणि कागदावर नाही म्हणजे सरकारी योजनेत नाही, औषधांच्या खरेदीत नाही, डॉक्टरच्या नेमणुकीत नाही. ‘बाईचं दुखणं बाईनं सोसायचं’ ही आपली जुनी रीत. या अभ्यासाने ते सोसणं मोजलं, एवढंच केलं. पण मोजल्यामुळेच त्याची दखल घ्यावी लागली.

याच गडचिरोलीत पुढे नवजात बाळांवर काम झालं. पहिल्या महिनाभरात दगावणारी बाळं वाचवायची कशी? इस्पितळ दूर, रस्ते नाहीत, पैसा नाही. मग बंग यांनी गावातल्याच थोड्याफार शिकलेल्या बायकांना शिकवून ‘आरोग्यदूत’ केलं. बाळाला ऊब कशी द्यायची, वजन कसं करायचं, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, गरज पडली तर इंजेक्शन कसं द्यायचं, सगळं त्या शिकल्या. ३९ गावांत हे काम झालं आणि तुलनेसाठी दुसरी ४७ गावं घेतली होती. १९९९ मध्ये निष्कर्ष आले. तिसऱ्या वर्षी तुलनेतल्या गावांच्या मानाने नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ पासून सरकारनेही देशभर ‘आशा’ताईंमार्फत घरी जाऊन नवजात बाळाला तपासण्याचा कार्यक्रम सुरू केला. तुमच्या-माझ्या ओळखीतल्या बाळंतिणीकडे ‘आशा’ताई तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि पुढे बेचाळीस दिवसांपर्यंत येत राहते ना, त्याचं मूळ या बायकांच्या कामात आहे.

यातली एक छोटी गोष्ट मला फार आवडते. लहान मुलाला न्यूमोनिया झालाय का, हे त्याच्या श्वासांच्या गतीवरून कळतं. पण गावच्या सुईणींना मोजता यायचं ते जेमतेम बारापर्यंत. मग चाळीस-पन्नास-साठ श्वास मोजणार कसे? ‘त्या अडाणी आहेत, त्यांना जमणार नाही,’ असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. त्याऐवजी त्यांच्यासाठी एक साधं साधन तयार झालं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि सोबत मणी. दहा श्वास झाले, की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत किती मणी सरकले ते बघायचं, की झालं. १९९२ मध्ये त्यावर शोधनिबंधही प्रसिद्ध झाला. मला वाटतं, अभियांत्रिकी म्हणतात ती हीच. बाईला यंत्राच्या मापाने बदलायचं नाही, यंत्र तिच्या मापाने घडवायचं.

हे मापाचं प्रकरण केवळ आपल्या खेड्यापाड्यातलं आहे, असं समजू नका. पुढारलेल्या अमेरिकेत १९७७ ते १९९३ एवढा काळ, मूल होऊ शकेल अशा वयाच्या स्त्रियांना नव्या औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवण्याचीच अधिकृत सूचना होती. हेतू चांगला होता, पोटातल्या बाळाला अपाय होऊ नये हा. पण परिणाम काय झाला? झोलपिडेम नावाचं झोपेचं औषध १९९२ पासून तिथे स्त्री-पुरुषांना सारख्याच मात्रेत दिलं जात होतं. २०१३ साली, म्हणजे वीस वर्षांनी, तिथल्या औषध प्रशासनाने सांगितलं, की स्त्रियांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडतं, सकाळी गाडी चालवताना गुंगी राहू शकते, तेव्हा स्त्रियांची मात्रा निम्मी करा. मोटारींचंही तसंच. धडक-चाचणीत बसवायचे पुतळे वर्षानुवर्षं सरासरी पुरुषाच्या बांध्याचे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं, की पट्टा लावलेला असूनही अपघातात स्त्री चालकाला गंभीर इजा होण्याची शक्यता पुरुष चालकापेक्षा ४७ टक्के जास्त होती. औषध खोटं नव्हतं, पट्टाही खोटा नव्हता. मापात बाई नव्हती.

आता चुलीकडे येऊ. माझ्या मावशीच्या घरी फार वर्षांपूर्वी कुठल्याशा योजनेतून निर्धूर चूल बसवली होती. दोन भांडी मावतील अशी, धूर बाहेर काढणारा पाइप असलेली. मावशीने तिची हळद-कुंकू वाहून पूजा केली. पण सुट्टीत गेलो, की बघायचो, भाकऱ्या आपल्या परसातल्या जुन्या चुलीवरच! का? तर भाकरी तव्यावर झाली, की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांवर उभी धरून फुगवायची असते आणि नव्या चुलीचं तोंड एवढंसं. आंघोळीच्या पाण्याचा हंडा तिच्यावर बसत नव्हता. जाड लाकूड आत जात नव्हतं, ते फोडायचं काम वाढलं होतं. आणि पाइपात काजळी साचली, की कौलावर चढून तो साफ करावा लागे. चढणार कोण? घरातल्या पुरुषांना त्याची काही घाई नव्हती. धूर त्यांच्या डोळ्यांत कुठे जात होता!

मावशीच्या चुलीत जे दिसलं, तेच पुढे एका मोठ्या अभ्यासात आकड्यांनी दिसलं. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थतज्ज्ञांनी ओडिशातल्या ४४ गावांतल्या सुमारे २६०० कुटुंबांचा सुधारित चुलींच्या संदर्भात पाठपुरावा केला. तोही थोडाथोडका नव्हे, चार वर्षं. प्रयोगशाळेत या चुली उत्तम होत्या. घरात पहिल्या वर्षी धूर थोडा कमी झालाही. पुढे मात्र फरक उरला नाही. फुप्फुसांचं आरोग्य सुधारलं नाही, सरपणही वाचलं नाही. कारण चुली नियमित वापरल्या जात नव्हत्या, दुरुस्ती होत नव्हती आणि हळूहळू त्या बाजूला पडल्या. २०१६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. मला त्यांच्या प्रामाणिकपणाचं कौतुक वाटतं, कारण त्यांनी पहिल्या वर्षाचे चांगले आकडे घेऊन टाळ्या मिळवल्या नाहीत. चौथ्या वर्षीही ते चुलीपर्यंत गेले.

शाळेच्या बाबतीत मात्र आपल्या महाराष्ट्राने फार आधी शहाणपण दाखवलंय आणि ते दाखवणाऱ्या बायकाच होत्या. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं नाव आपण शाळेच्या धड्यात वाचतो, हात जोडतो आणि पुढे जातो. पण त्यांनी जे केलं ते अस्सल संशोधन होतं. १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर काम करताना त्यांना दिसलं, की बालवाडी काढली तरी गरीब आणि आदिवासी मुलं येत नाहीत. मुलांत खोट काढण्याऐवजी त्यांनी शाळाच बदलली. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. महागडी खेळणी परवडत नाहीत, तर पानं, बिया, खडे, शंख-शिंपले घेऊन मोजायला शिकवायचं. मोठी मुलं गुरं राखायला जातात, तर शाळा कुरणात भरवायची. ‘अंगणवाडी’ हा आज देशभर माहीत असलेला शब्द याच कामातून आला. १९७५ मध्ये सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हाच तिचा पाया होता.

त्यानंतरचं उदाहरण ‘प्रथम’ या संस्थेच्या ‘बालसखी’ उपक्रमाचं. मुंबई आणि बडोद्यातल्या महापालिका शाळांत तिसरी-चौथीत जी मुलं वाचनात, गणितात मागे पडली होती, त्यांना दिवसातले दोन तास वेगळं बसवायचं आणि वस्तीतलीच एक शिकलेली मुलगी, म्हणजे बालसखी, त्यांना शिकवणार. २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रयोग काटेकोर मोजला. ज्या शाळांत बालसखी होती, तिथली मुलं स्पष्टपणे पुढे गेली, आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्यांना झाला. हेही नोंदलं गेलं, की उपक्रम थांबल्यावर वर्षभरात त्यातला बराच फायदा ओसरला. म्हणजे एकदा शिकवलं आणि काम झालं, असं नसतं. हे संशोधन पुढे जगभर गाजलं. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. बॅनर्जींच्या आई, निर्मला बॅनर्जी, या माहेरच्या पाटणकर. त्याही अर्थतज्ज्ञ आणि असंघटित क्षेत्रातल्या कष्टकरी स्त्रियांवर त्यांनी आधीच मोलाचं काम केलेलं. नोबेलच्या बातम्यांत त्यांचा उल्लेख ‘आई’ म्हणून भरपूर झाला, ‘संशोधक’ म्हणून त्या मानाने थोडा. आणि त्या बालसखी? त्यांना महिन्याला पाचशे ते साडेसातशे रुपये मिळत. संशोधनाच्या जगात त्या ‘स्वस्त आणि परिणामकारक उपाय’ म्हणून नोंदल्या गेल्या. हे वाचून माझ्या पोटात कुठेतरी तुटलं. स्वस्त काय होतं, तर एका शिकलेल्या मुलीचे श्रम!

चौथं दार बँकेचं. इथे मला उलट बाजूही सांगितली पाहिजे. बचत गट आणि छोटी कर्जं यांनी बाईचं आयुष्य पालटतं, असं आपण सगळ्याच भाषणांतून ऐकतो. तशा यशोगाथा आहेतही. पण हैदराबादमधल्या १०४ वस्त्यांत २००५ पासून एक अभ्यास झाला. निम्म्या वस्त्यांत आधी सूक्ष्म कर्जं उपलब्ध झाली, निम्म्यांत नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की काहींनी धंदा वाढवला, घरात टिकाऊ वस्तू आल्या, पण बाईच्या घरातल्या निर्णयाच्या अधिकारात, मुलांच्या शिक्षणात वा आरोग्यात फारसा फरक दिसला नाही. कर्ज तिच्या नावावर आलं, एवढंच.

मग फरक कशाने पडतो? मध्य प्रदेशात रोहिणी पांडे, एरिका फील्ड आणि त्यांच्या सहकारी संशोधकांनी रोजगार हमीवर काम करणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास केला. काहींना स्वतःचं बँक खातं मिळालं. काहींना खातं, त्यात थेट जमा होणारी स्वतःची मजुरी आणि ते खातं वापरायचं कसं याचं थोडं प्रशिक्षण, असं तिन्ही मिळालं. तोवर मजुरी बहुतेक वेळा घरच्या पुरुषाच्या खात्यात जात असे. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसलं, की नुसतं खातं मिळालेल्या बायकांपेक्षा तिन्ही मिळालेल्या बायका जास्त प्रमाणात कामाला बाहेर पडू लागल्या, आणि आधी ज्यांच्या नवऱ्यांना बायकोने काम करणं पसंत नव्हतं, त्यांच्यात हा फरक ठळक होता. आपल्या हातचा पैसा आपल्या खात्यात आला आणि तो काढता आला, की घरातला आवाज बदलतो. आपल्या आज्या हे तांदळाच्या डब्यात नोटा लपवून सांगतच होत्या!

साताऱ्यातल्या म्हसवडचीही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. चेतना गाला-सिन्हा आणि माणदेशातल्या बायकांनी स्वतःची बँक काढायचं ठरवलं. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला, कारण प्रवर्तकांमधल्या काही जणी निरक्षर होत्या. बायका वर्ग भरवून लिहाय-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांना म्हणाल्या, की आम्हाला व्याजाचं गणित घाला. तुमच्या साहेबांनीही कॅल्क्युलेटर न घेता तेच करावं, बघू कोण आधी सोडवतंय! १९९७ मध्ये ‘माणदेशी महिला सहकारी बँक’ उभी राहिली. पुढे कार्ड आणि पिन द्यायची वेळ आली, तेव्हा त्या बायकांनीच सांगितलं, की पिन नको, तो दुसऱ्याला कळू शकतो, अंगठा कुणी चोरू शकत नाही. हे सुचायला अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. पण ऐकून घेणारं कुणीतरी समोर लागतं.

इथे कुणी म्हणेल, ‘‘बाई, सगळं जर बायकांनाच विचारायचं, तर शास्त्रज्ञ हवेत कशाला?’’ प्रश्न रास्त आहे. नुसतं विचारून भागत नाही, हे मलाही मान्य आहे. पाहुण्यांना काय सांगायचं हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. चूल छान आहे, कर्जाचा फायदा झाला, मुलगा वाचतो, असं आपण भरल्या घरात सांगून मोकळ्या होतो. हैदराबादच्या अभ्यासाने सुंदर गोष्टींच्या मागचा खरा हिशेब दाखवला, तो मोजल्यामुळेच. म्हणून विचारायचंही आणि मोजायचंही. विचारल्यावाचून मोजलं, तर भलतंच मोजलं जातं. मोजल्यावाचून विचारलं, तर गोड बोलण्यावर योजना उभ्या राहतात. पण आजवर आपल्याकडे चूक झालीय ती बहुतेक वेळा पहिल्या प्रकारची, हे विसरून चालणार नाही.

आणखी एक गोष्ट मला खुपते. हे सगळे आकडे गोळा कोण करतं? ‘आशा’ताई, अंगणवाडीताई, बालसखी, आरोग्यदूत. उन्हातान्हात घरोघरी जाऊन वजनं घेणाऱ्या, नोंदी भरणाऱ्या, मोबाइलवर माहिती चढवणाऱ्या बायका. त्यांच्या नोंदीवर अहवाल होतात, पदव्या मिळतात, परिषदा भरतात. त्यांना मात्र पगार नाही, मानधन आहे, आणि तेही वेळेवर मिळावं म्हणून वरचेवर मोर्चे काढावे लागतात. त्यांनी भरलेल्या आकड्यांतून पुढे काय निघालं, हे त्यांना कोण सांगतं? ज्या घरातून माहिती घेतली, त्या घराला तरी कोण सांगतं? आपल्याकडे शेजारणीकडून वाटीभर साखर आणली, तर वाटी रिकामी परत करत नाहीत. संशोधनाने इतकी वर्षं आपल्याकडून वाट्या भरभरून नेल्या आहेत. परत मात्र फारच थोड्या आल्या.

म्हणून मैत्रिणींनो, काही साध्या गोष्टी आपणच करायला घेऊ. सर्वेक्षणाला कुणी आलं, की ‘साहेब घरात नाहीत’ म्हणून दार लावू नका. माहिती कशासाठी, कुणासाठी, ती गुप्त राहणार का, आणि निष्कर्ष आम्हाला कधी कळवणार, हे विचारा आणि पटलं तर उत्तरं तुम्ही द्या. डॉक्टरांनी नवं औषध लिहून दिलं, की ‘बायकांसाठी मात्रा हीच का?’ एवढं विचारायला लाजू नका. शाळेच्या पालकसभेत पट आणि गुण यांच्या जोडीला ‘माझं मूल एक साधा उतारा घडाघडा वाचतं का?’ हे विचारा, आणि आधी घरी स्वतः वाचून घ्या. ग्रामसभेत, वॉर्डसभेत एखादी योजना जाहीर झाली, की ती कुठे करून पाहिली होती आणि दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी तिचं काय झालं, ते विचारा. आणि घरातली एखादी लेक, भाची, सून संशोधन करायचं म्हणाली, तर ‘त्याचा उपयोग काय, लग्नाचं वय चाललंय,’ असं म्हणून तिला बसवू नका. प्रश्न ठरवणाऱ्यांच्या टेबलाशी ती बसली, तरच फॉर्मातला पहिला रकाना बदलेल.

शेवटी नवी चूल असो, नवी गोळी असो, नवं पाठ्यपुस्तक असो की नवं खातं. ते कुणी शोधलं, त्याला कुठलं बक्षीस मिळालं, याचं कौतुक जरूर करू. पण त्याआधी एक प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ. हे जी वापरणार आहे, त्या बाईला विचारलं होतं का?